मेलेलं लॉन खरवडायच्या आधी

लॉन मेलंय असं सगळेच सांगत होते. बघणाऱ्यांचाही दोष नाही म्हणा, घर बरीच वर्षं बंद, मधे कधीतरी डागडुजी झाली तेव्हाचे वाळू-विटांचे ढीग तिथेच पडलेले, मधोमध कंबरेएवढं वाळकं गवत आणि तणाचं रान, फाटकाच्या बाजूला गाड्या लावून लावून दगड झालेली जमीन, आणि कोपऱ्यातल्या झाडाखाली तर गवताचं नावच नाही, नुसती काळी ओल आणि शेवाळ. माळीकाका आले, फाटकातूनच एक नजर टाकली आणि म्हणाले, "ताई, यात काही राहिलं नाही. सगळं खरवडून टाकू, वर लाल माती पसरू आणि नवीन लाद्या अंथरू. लगेच हिरवंगार."

लगेच हिरवंगार होतं हे खरंच आहे, लादी म्हणजे आधीच वाढलेलं गवत मातीसकट कापून आणलेलं, ते अंथरलं की त्याच दिवशी लॉन दिसायला लागतं. पण मला एकच प्रश्न पडला होता आणि त्याचं उत्तर कोणी देत नव्हतं, की जुनं गेलं कशाने? काका म्हणाले पाणी नव्हतं म्हणून. बरं, पाणी तर सगळीकडेच नव्हतं, मग कुंपणालगत दोन हात रुंदीचा पट्टा हिरवा कसा काय राहिला? मधे वाळक्या गवताखालीही कुठे कुठे हिरवे कोंब दिसत होते. म्हणजे पाणी हे एक कारण असेल पण एकमेव नाही, आणि खरं कारण जर जमिनीत असेल तर त्याच जमिनीवर नवीन लाद्या टाकून काय मिळणार, त्याही वर्षभरात त्याच वाटेने जाणार. तेव्हा काकांना म्हटलं, थोडं थांबा, आधी बघू तरी.

तर पहिली गोष्ट, वाळलेलं गवत आणि मेलेलं गवत यातला फरक. आमच्याकडे होती ती साधी हरळी, म्हणजे दूर्वा, आणि हरळी मरायला फार चिवट असते. पाणी तुटलं किंवा थंडी पडली की वरून तपकिरी होऊन झोपून जाते पण जमिनीवरचे धावते फुटवे आणि जमिनीखालच्या काशा, म्हणजे मातीत आडवी पसरणारी खोडं, जिवंत राहतात. शेतात ज्या काशा वेचून वेचून माणसाचा जीव मेटाकुटीला येतो त्याच इथे आपल्या कामाच्या. मी ठिकठिकाणी खुरप्याने थोडं उकरून काशा काढल्या आणि नखाने सोलून पाहिल्या. आतून पांढरी, रसरशीत, वाकवली तर वाकणारी काशी म्हणजे जिवंत. आतून तपकिरी, पोकळ, कट्कन मोडणारी म्हणजे गेलेली. तरी शंका राहू नये म्हणून काही ठिकाणचे मूठ-मूठभर ढेपे मातीसकट उचलून जुन्या कुंड्यांमध्ये लावले, कुंड्या उन्हात ठेवल्या, रोज पाणी घातलं. दोनेक आठवड्यांत जे फुटायचं ते फुटतंच, आणि फुटलं. मधला भाग जवळजवळ सगळा जिवंत निघाला, फाटकाजवळचा अर्धामुर्धा, विटांच्या ढिगाखालचा आणि झाडाखालचा शून्य.

साधारण निम्म्याच्या वर जिवंत असेल तर वाचवायला जावं, त्याच्या खाली असेल आणि जमीनही खराब असेल तर मुळापासून नवीन करणं सोपं, असा एक ढोबळ हिशोब आहे. आमचं निम्म्याच्या वर होतं.

यानंतर जे केलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि त्याला काहीच लागत नाही, एक फावडं सोडून. चार वेगवेगळ्या जागी वीतभर खोल चौकोनी ढेकूळ कापून अख्खं वर काढायचं आणि बाजूने बघायचं. मधल्या भागातलं ढेकूळ काढलं तर वर वाळकं गवत, त्याखाली दोन बोटं जाडीचा तपकिरी, दाबला की स्पंजसारखा दबणारा थर, जुन्या देठांचा आणि मुळांचा, न कुजलेला, आणि त्याखाली मग माती. गंमत म्हणजे बरीचशी मुळं त्या थरातच गुंतलेली होती, खालच्या मातीत उतरलेलीच नव्हती. त्या ढेकळावर तांब्याभर पाणी ओतलं तर ते थरावरून ओघळून बाजूला गेलं, खालची माती कोरडी ठणठणीत. म्हणजे पाऊस पडला तरी मुळांना मिळत नव्हता असा प्रकार. फाटकाजवळच्या ढेकळात हा थर नव्हताच, पण माती पत्र्यावर पत्रा ठेवल्यागत पापुद्र्यांची, आणि मुळं दोन इंचांवर येऊन आडवी वळलेली. तिथे पहार मारली तर टणकारा येऊन वर आली. विटांच्या ढिगाजवळच्या ढेकळात मातीपेक्षा चुरा जास्त, विटकर, सिमेंटचे खडे, प्लास्टरचे पांढरे तुकडे. आणि झाडाखालची माती? ती एकदम छान निघाली, भुसभुशीत, गांडुळंही होती. तिथे मातीचा काही प्रश्नच नव्हता, प्रश्न उन्हाचा होता.

म्हणजे लॉन एकच दिसत असलं तरी चार तुकडे चार वेगळ्या कारणांनी गेलेले. सरसकट लाल माती पसरून यातलं एकही कारण गेलं नसतं. काकांना बोलावून ढेकळं दाखवली, ते खाली बसून बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "हां, मग हे वेगळं काम आहे." आणि तिथून पुढे ते माझ्या बाजूने झाले, उंचीचा वाद सोडला तर, त्यावर येतेच.

झाडाखालचा निकाल सगळ्यात आधी लावला कारण तो सोपा होता. एका सुट्टीच्या दिवशी दर दोन तासांनी जाऊन कुठे ऊन कुठे सावली बघून खडूने कुंपणावर खुणा केल्या. हरळीला भरपूर ऊन लागतं, दिवसाचे सहा तास तरी थेट ऊन नसेल तर ती विरळ होत जाते, लांब लांब देठ काढते आणि शेवटी संपते, खत घाला नाहीतर पाणी घाला. झाडाखाली जेमतेम तास-दीड तास मिळत होतं. फांद्या थोड्या विरळ करून बघता येतं पण अख्खं झाड बोडकं करण्याइतकं लॉन महत्त्वाचं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढा भाग सोडून दिला, विटांची वळणदार कड घातली आणि तिथे सावलीत होणारी झाडं लावली. नवरा म्हणाला, अगं हे तर हार मानणं झालं. म्हटलं झालं तर झालं, पुढची दहा वर्षं तिथे शेवाळ खरवडत बसण्यापेक्षा बरं. शेवाळ मारायची औषधं मिळतात, पण सावली, ओल आणि दाबलेली जमीन तशीच राहिली की ते परत येणारच, ते गवताला मारत नाही, गवत गेल्यावर रिकाम्या जागेत येऊन बसतं.

विटांच्या ढिगाची जागा मात्र जड गेली. ढीग उचलून नेला, त्याला वेळ लागत नाही, पण आत मुरलेला चुरा काढायचा म्हणजे टिकावाने वीतभर खणायचं, घमेल्यात भरायचं, चाळणीतून गाळायचं, खडे बाजूला, माती परत. पाठीचा पार भुगा. आणि खडे काढले तरी सिमेंट-चुन्याचा अंश मातीत राहतोच, त्याने माती अल्कधर्मी होते. घरच्या घरी बघायची साधी युक्ती म्हणजे कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकायचं, फसफसलं तर चुना आहे. आमची चांगलीच फसफसली. मग टेस्ट किटने पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्क ते सांगणारा आकडा, बघितला तर आठच्या वर, हरळीला सहा ते सातच्या आसपास बरा असतो, थोडा इकडेतिकडे चालतो. पीएच खाली आणायला गंधक घालतात, पण जमिनीतले जिवाणू हळूहळू त्याचं आम्ल करतात म्हणून त्याला महिनोन्महिने लागतात, आणि मातीत चुना भरपूर असेल तर ते आम्ल चुन्यातच विरून जातं आणि पीएच जागचा हलत नाही. त्यामुळे तिथे गंधकाच्या नादी न लागता वरची चुरामिश्रित माती जितकी निघेल तितकी काढलीच आणि झाडाखालची ती भुसभुशीत माती, नाहीतरी तिथे कड घालताना निघालेली, ती शेणखतात मिसळून इथे भरली. भरताना एक काळजी घ्यावी लागते, जुन्या आणि नव्या मातीचे दोन स्वच्छ वेगळे थर राहू द्यायचे नाहीत, सांध्यावर काट्याने दोन्ही कालवून घ्यायचं, नाहीतर पाणी सांध्यापाशी अडकतं आणि मुळंही तिथेच थांबतात.

इथे जिप्समबद्दल एक सांगते कारण मला निदान चार जणांनी जिप्सम टाका म्हणून सांगितलं. मातीत सोडियम जास्त असेल, म्हणजे चोपण जमीन असेल तर जिप्समचा उपयोग होतो, त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. नुसती गाडीखाली दाबली गेलेली माती जिप्समने मोकळी होत नाही. तसंच वाळूचं. चिकण मातीत थोडी वाळू घातली की माती मोकळी होते असं सगळ्यांना वाटतं, प्रत्यक्षात खूप म्हणजे खूपच वाळू लागते, थोडी घातली तर उलट आणखी घट्ट होते. माती कसली आहे हे बघायला बरणीत एक भाग माती आणि दोन-तीन भाग पाणी घालून खूप हलवायचं आणि ठेवून द्यायचं, वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक गाळ, काही तासांत, आणि चिकण माती दिवस-दिवस खाली बसत नाही, पाणी गढूळच राहतं. आमचं दुसऱ्या दिवशीही गढूळ होतं, म्हणजे काय ते समजलं.

आता मधला भाग, जो जिवंत होता. कंबरेएवढं गवत एकदम बुडापासून कापायचा मोह होतो पण ते टाळायचं, गवताच्या उंचीच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त एका वेळी कापू नये हा नियम याच प्रसंगासाठी आहे. पानं म्हणजे गवताचं स्वयंपाकघर, ती सगळी एकदम गेली की मुळांची वाढ थांबते. आधी विळ्याने वरचं वाळकं, मग थोडे दिवस जाऊ देऊन आणखी खाली, मग मूवर सगळ्यात वरच्या खाचेला लावून. मधे मधे वाळकं उचलायचं म्हणजे खाली ऊन पोचतं आणि काशांना कोंब फुटायला लागतात. मूवरचं पातं धार लावून घेतलं होतं, बोथट पात्याने गवत कापलं जात नाही, ओरबाडलं जातं, दुसऱ्या दिवशी सगळी टोकं पांढुरकी दिसतात आणि लोक समजतात रोग पडला. आमचा मूवर ढकलायचा, दंडगोलावर वळणदार पाती असलेला, जवळपास तसाच जो 1830 मध्ये इंग्लंडच्या एडविन बडिंगने काढला होता. कापडाच्या गिरणीत कापडावरची लव भादरायचं यंत्र असायचं, ते बघून त्याला सुचलं म्हणे. दोनशे वर्षं होत आली आणि अजून त्याहून सफाईदार काप कशाचा नाही, फक्त जमीन सपाट पाहिजे आणि गवत उंच नको, त्यामुळे सुरुवातीला त्याचा काही उपयोग नव्हता, तो नंतर.

मग तो स्पंजासारखा थर. अर्ध्या इंचापर्यंत असेल तर असू द्यायचा, चांगला असतो, ओल धरतो, पाय पडले तर झेलतो. त्याच्या वर गेला की अडचण. आमचा चांगला दोन बोटं होता. कडक दातांचं लोखंडी दंताळं घेऊन आडवं-उभं ओढायचं, एवढंच काम, पण दमवणारं. ओढून ओढून जो तपकिरी कचरा निघाला त्याचा ढीग बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, अहो सगळं लॉनच उपटलं की काय. दिसतंही तसंच, दंताळं मारल्यावर लॉन आधीपेक्षा भयाण दिसतं, तेव्हा हे काम हरळी जोरात वाढायच्या दिवसांत, गरम आणि ओलसर हवेत करायचं, म्हणजे ती जखम लवकर भरून काढते. थंडीत किंवा कडक उन्हाळ्यात पाण्याशिवाय केलं तर संपलंच. आणि हा थर कापलेलं गवत तिथेच पडू दिल्याने होतो असं बहुतेकांना वाटतं, काकांनाही वाटत होतं, तसं नाहीये. कापलेली पानं बहुतांश पाणीच असतात, ती पटकन कुजतात आणि त्यातलं नत्र परत जमिनीला मिळतं. थर होतो तो चिवट देठांचा, काशांचा आणि मुळांचा, आणि जमिनीत जीवजंतू कमी, हवा कमी असली की तो कुजत नाही. त्यामुळे आता आम्ही थोडं थोडं वारंवार कापतो आणि कापलेलं तिथेच सोडतो. फार लांब झालं असेल तर मात्र उचलायचं, नाहीतर त्याचे गठ्ठे होऊन खालचं गवत पिवळं पडतं.

फाटकाजवळच्या टणक भागासाठी भोकं पाडणं हाच उपाय. खरं तर पोकळ दातांचं अवजार चांगलं, त्याने दोन-तीन इंचांच्या मातीच्या कांड्या बाहेर निघतात आणि भोकाभोवतीची माती दाबली जात नाही. भरीव सळईने भोक पाडलं तर माती बाजूला सरकून तिथेच आणखी घट्ट होते. ते अवजार आम्हाला मिळालं, पण पहिल्या दिवशी ते जमिनीत जाईचना. मग काका म्हणाले, "ताई, वाफसा येऊ द्या." आदल्या दिवसांत हळूहळू पाणी मुरवत ठेवलं, आणि माती मुठीत दाबली तर गोळा होतो पण बोटाने टिचकी मारली की फुटतो, अशी झाल्यावर अवजार लोण्यासारखं नाही पण जातं तरी. पार ओल्या चिखलात हे करायचं नाही, तिथे फायद्याऐवजी मातीचा लगदाच होतो. कांड्या निघाल्या त्या तिथेच वाळू दिल्या, मग दंताळ्याच्या पाठीने फोडून पसरल्या. आणि वरून बारीक चाळलेलं कंपोस्ट, अर्धा इंचापेक्षाही कमी थर, ते झाडूने भोकांत लोटायचं. गवताची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत, गवत पुरलं जाता कामा नये. लॉनवरचे खाचखळगेही याच पद्धतीने भरत आणले, खोल खड्डा एका दमात भरायचा नाही, थोडा भरायचा, गवत त्यातून वर येऊ द्यायचं, मग परत थोडा. रोलर फिरवून सपाट करा असं सांगणारे भेटतात, रोलरने उंचवटे बसतात पण माती पुन्हा दाबली जाते, म्हणजे ज्यासाठी भोकं पाडली तेच परत.

तण. यावर मला स्वतंत्र लिहिता येईल इतकं आहे. रुंद पानाचं बरंचसं तण खुरप्याने ओल्या जमिनीतून मुळासकट निघतं, गाजरगवत होतं ते हातमोजे घालून फुलावर यायच्या आत काढलं, त्याची अंगाला ॲलर्जी उठते. हे सगळं एका मोसमात आटोक्यात येतं, कारण गवत दाट झालं की नव्या बियांना ऊनच मिळत नाही. लव्हाळ्याचं तसं नाही. लव्हाळा म्हणजे तोच नागरमोथा, गवत वाटतं पण गवत नाही, देठ बोटांत फिरवलं तर तीन कडा लागतात. एक रोप हळूच, भोवतीची माती मोकळी करत करत खणलं, वर इवलीशी पानं आणि खाली धाग्यासारख्या मुळीवर एक काळसर गाठ, तिच्यापासून पुढे आणखी एक मुळी, तिच्यावर आणखी एक गाठ, ती वाकडी होऊन हरळीच्या काशांत शिरलेली, तिथेही गाठ. गाठ मोडली तर छान सुगंध येतो, तेवढाच काय तो त्याचा गुण. वरून उपटलं की पान हातात आणि गाठी खाली, आणि साखळी तुटली की झोपलेल्या गाठींनाही कोंब फुटतात, एकाचे तीन. म्हणजे मग उपटायचंच नाही का? तर तसंही नाही. नव्या कोंबाला स्वतःच्या गाठी धरायला साधारण तीनेक आठवडे लागतात, त्याच्या आत काढत राहिलं तर जुनी गाठ दर वेळी साठवणीतलं खर्च करते आणि नवीन साठा करू शकत नाही, शेवटी दमते. पण मधे खंड पडला की गेलं पाण्यात. बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीतच असतात, त्यामुळे चुऱ्याची माती चाळली तेव्हा तिथल्या आपोआप निघाल्या. औषधाचं म्हणाल तर ग्लायफोसेट सगळंच मारतं, हरळीलाही, टू-फोर-डी रुंद पानांचं तण मारतं आणि हरळी सोडतं, पण वाऱ्याने उडून शेजारच्या गुलाबावर गेलं की त्याची पानं वेडीवाकडी होतात. लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉनसारखी निवडक औषधं असतात. मी यातलं काही वापरलं नाही, तत्त्व म्हणून नाही, तर लॉन छोटं आहे आणि संध्याकाळी खुरपं घेऊन बसायला मला आवडतं म्हणून. मोठं असतं तर विचार वेगळा केला असता.

रिकाम्या जागा भरायला बाहेरून काहीच आणलं नाही. कुंपणालगतचा जो पट्टा हिरवा होता तिथून फुटवे काढले, प्रत्येक तुकड्याला दोन-तीन पेरं, आणि वीतभराच्या निम्म्या अंतरावर ओळीत टोकले, एक पेर जमिनीत, एक टोक वर. पेरं जिवंत असतील तर तिथूनच मुळं आणि तिथूनच कोंब. लावल्यावर पहिले काही दिवस वरची माती सुकू द्यायची नाही, थोडं थोडं, दिवसातून दोन-तीनदा. मुळं धरली की नाही हे बघायला हळूच ओढून पाहायचं, विरोध झाला की धरलं, आणि तिथून पाण्याची पद्धत उलटी करायची, क्वचित पण भरपूर. रोज थोडं शिंपडलं की मुळं वरच राहतात, वर राहिली की चार दिवस पाणी चुकलं तर गवत माना टाकतं. आठवड्याला एक इंचभर पाणी हे साधारण प्रमाण, पाऊस धरून. इंच कसा मोजायचा, तर सरळ बाजूंचे रिकामे डबे लॉनवर ठेवायचे, स्प्रिंकलर चालू करायचा आणि डब्यात इंचभर साठायला किती वेळ लागतो ते बघून ठेवायचं. डब्याडब्यांत फरक निघतो, तेव्हा कळतं की कुठला कोपरा कायम तहानलेला आहे. आमच्या चिकण मातीत एका दमात इंच मुरत नाही, वाहून जातं, म्हणून थोडं सोडायचं, अर्धा तास थांबायचं, पुन्हा सोडायचं.

खत मुळं धरल्यावरच. माती अल्कधर्मी असल्याने युरियापेक्षा अमोनियम सल्फेट घेतलं, युरिया अशा मातीवर पडून राहिला तर त्यातलं बरंच नत्र अमोनिया होऊन हवेत जातं, आणि अमोनियम सल्फेटने माती थोडी आम्लाकडे झुकते. एका वेळी चौरस मीटरला पाच ग्रॅम नत्र पुरे, अमोनियम सल्फेटमध्ये ते साधारण 21 टक्के असतं म्हणजे 24 ग्रॅमच्या आसपास पडतं, युरियात 46 टक्के म्हणजे 11 ग्रॅम. हा हिशोब करून वजन करून टाकायचं, मुठीच्या अंदाजाने टाकलं की कुठे गर्द हिरवे पट्टे आणि कुठे जळलेले. टाकल्यावर लगेच पाणी. विटांच्या ढिगाच्या जागी तरीही नवी पानं पिवळट, शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे लोह कमी पडतंय. जमिनीत लोह असतं पण पीएच जास्त असला की मुळांना घेता येत नाही. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पाण्यात विरघळवून पानांवर फवारलं, काही दिवसांत रंग भरला. फक्त ते फरशीवर उडू देऊ नका, तांबूस डाग पडतात ते निघत नाहीत, आमच्या पायरीवर आहेत.

सगळं मार्गी लागतंय असं वाटत असताना मधेच एक गोल भाग पिवळा पडायला लागला आणि साळुंक्या नेमक्या तिथेच येऊन चोची मारायला लागल्या. ओढून पाहिलं तर गवत सतरंजी उचलावी तसं उचललं गेलं, खाली मुळंच नाहीत. हुमणी. पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या, तपकिरी डोक्याच्या, मुळं खात बसलेल्या. फूटभराचा चौकोन कापून मोजायच्या, पाचसहापर्यंत असतील आणि गवत धडधाकट असेल तर काही करायची गरज नसते. आमच्याकडे जास्त होत्या. तेवढा भाग उकरून वेचून काढल्या, उरलेल्यांची व्यवस्था साळुंक्यांनी केली, आणि जागा परत फुटव्यांनी भरली. शेणखत नीट न कुजलेलं असेल तर त्यातूनही या येतात, त्यामुळे आता खत चाळतानाच डोळा ठेवते.

सध्या काय स्थिती आहे तर मधला भाग दाट, इथे अनवाणी चालता येतं. ढिगाच्या जागी थोडं विरळ आहे पण धरलंय. फाटकाच्या बाजूला दर वर्षी भोकं पाडावी लागणार हे उघड आहे, आणि गाडीची चाकं जिथे फिरतात तिथे दोन ओळींत फरश्या बसवून टाकल्या, कारण चाकांखाली कुठलंच गवत टिकत नाही. लव्हाळा कुंपणाच्या एका कोपऱ्यात अजून आहे.

काकांशी वाद राहिलाय तो उंचीचा. त्यांना लॉन भादरल्यासारखं बारीक आवडतं, मला दीड-दोन इंच हवं. हरळी बारीक कापलेली चालते, खेळाच्या मैदानांवर कापतातच, पण तिथे रोज निगा असते, जमीन आरशासारखी सपाट असते. घरच्या उंचसखल लॉनवर मूवरची कापायची उंची ठरवणारी पट्टी खाली घेतली की उंचवट्यांवरचं गवत पार मातीपर्यंत सोललं जातं आणि त्याच जागी पहिलं तण उगवतं. काका ऐकून घेतात, मान हलवतात, आणि माझी पाठ वळली की पट्टी एक खाच खाली. या वेळी पट्टी वरच्या खाचेत बसवून नट पान्याने आवळून टाकलाय, आणि पाना घरात आहे.